ट्रॅक्टरचे इंजिन सुरू न होणे : कारणे व निदान (यवतमाळ जिल्हा)

किल्ली फिरवूनही डिझेल इंजिन पेट न घेणे, किंवा पेट घेऊन लगेच बंद पडणे, असा हा दोष. यवतमाळ जिल्ह्यात शेतातून, पांदणीतून आणि चिखलातून चालणारे वाहन म्हणजे प्रामुख्याने ट्रॅक्टर. म्हणून ही नोंद त्याच्याच इंजिनाची आहे. जिल्ह्याची बरीचशी शेती कोरडवाहू असून बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन आणि तूर घेतात. ही जमीन भिजली की अवजाराला चिकटते, वाळली की कडक होऊन भेगाळते. मशागतीजोगा वाफसा मधल्या थोड्याच दिवसांत सापडतो. त्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर पेरणी लांबते. अशा घाईत सहसा आधी नोझल आणि डिझेल पंपावर संशय घेतला जातो. वास्तविक इंजिन फिरण्याचा वेग, मग इंधन, मग हवा आणि शेवटी सिलिंडरमधला दाब या क्रमानेच तपासणी व्हायला हवी. तो केवळ सोयीचा क्रम नव्हे. आधीच्या टप्प्यावरचा दोष पुढच्या टप्प्याच्या दोषासारखा दिसतो, म्हणून क्रम मोडला की निदान चुकते.

रुडॉल्फ डीझेल यांनी १८९२ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण सोळा ते वीस पट दाबली जाते, तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. ही उष्णता टिकणे फिरण्याच्या वेगावर अवलंबून असते. सेल्फने इंजिन संथ फिरवले तर दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला आणि तिच्या उष्णतेला सिलिंडरच्या भिंतीत मुरायला वेळ मिळतो. मग नोझल उत्तम असूनही डिझेल पेटत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा दोष नोझलचा किंवा घासलेल्या रिंगांचा वाटतो. मूळ मात्र बॅटरीत असते.

म्हणून पहिली तपासणी बॅटरीची. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना हा आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ अडखळतो आहे. ‘दिवे लख्ख लागतात, म्हणजे बॅटरी चांगली’ हा युक्तिवाद टिकत नाही. टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या थरामुळे ओहमच्या एक शतांश इतका रोध निर्माण झाला, असे समजू. हेडलाइटला चार-पाच अँपिअर लागतात, म्हणून तेथे व्होल्टची घट नगण्य राहते. सेल्फ दोनशे अँपिअर ओढतो तेव्हा त्याच थरात दोन व्होल्ट खर्ची पडतात. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार राहतो. त्या उष्णतेत बॅटरीचे पाणी उडते आणि उभ्या यंत्राची बॅटरी लवकर उतरते. उन्हाळी नांगरटीनंतर पावसापर्यंत न हललेला ट्रॅक्टर नेमका पेरणीला हटून बसतो, त्याचे हे एक मोठे कारण. सेल्फ अजिबात फिरत नसेल तर गिअर न्यूट्रल आहे का आणि क्लच पूर्ण दाबला आहे का, हे पाहावे. अनेक ट्रॅक्टरांत त्यासाठी सुरक्षा स्विच असतो. पान्याने सेल्फचे बोल्ट जोडून हा स्विच टाळणे जीवघेणे आहे. गिअरमधला ट्रॅक्टर सुरू होताच जोडणाऱ्याच्या अंगावर येतो.

वेग ठीक असेल तर सायलेन्सरकडे पाहावे, कारण धूर हा पुढचा पुरावा. सेल्फ नीट फिरतो पण धूरच नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही : स्टॉपर ओढलेला राहिला आहे, टाकी रिकामी आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा लाइनने हवा धरली आहे. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे नळीत बुडबुडा असला की पंपाचा दाब तो आकुंचित करण्यातच संपतो आणि नोझल उघडत नाही. फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबून अखंड धार येताच स्क्रू आवळावा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. तेव्हा डिझेलमधले पाणी, टायमिंग किंवा कमी दाब यांचा विचार करावा. पेट्रोल पंप गावापासून दूर असल्याने कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलात पाणी आणि धूळ मिसळण्याची शक्यता असते. पाणी जड असल्याने तळाशी बसते, म्हणून फिल्टरखालचा निचरा आधी उघडावा. काळा धूर हवा अपुरी असल्याचे सुचवतो. नांगरटीच्या धुळीने भरलेला एअर क्लीनर तेव्हा तपासावा. हीच धूळ गाळणीतून निसटत राहिली तर काही हंगामांत रिंगा आणि लायनर घासते, आणि मग दाबाचा खरा दोष उद्भवतो.

अनुभवी मिस्त्री आवाजावरून दोष ओळखतो, मग हा क्रम कशाला, असा आक्षेप घेता येईल. मिस्त्रीचे कौशल्य खरेच आहे. पण सेल्फचा संथ आवाज ऐकून तो बॅटरीकडे वळतो, तेव्हा तो हाच क्रम पाळत असतो. दुसरा आक्षेप वेळेचा : टोचन लावून ओढले की काम होते. अशक्त बॅटरीपुरते ते कधीकधी साधते. पण हेड गॅस्केट फुटून सिलिंडरमध्ये पाणी उतरले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाचलेल्या तासाची किंमत मग अख्ख्या हंगामाने मोजावी लागते. तिसरा आक्षेप नव्या यंत्रांचा. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि त्यांत संगणक-नियंत्रित कॉमन रेल इंजिने वाढली. त्यांच्या रेलमधला दाब हजार बारच्या पुढे जातो. इंजिन फिरत असताना नोझलचा नट सैल केल्यास डिझेलची धार कातडीत शिरू शकते. तेथे हात आवरावा आणि स्कॅनर जोडावा. तरीही बॅटरी, निचरा आणि एअर क्लीनर ही सुरुवात बदलत नाही. कमी व्होल्टवर संगणकसुद्धा भलतेच दोष दाखवू शकतो.

या क्रमातील पहिल्या तपासण्यांना एक व्होल्टमीटर, दोन पाने आणि अर्धा तास पुरतो, तर डिझेल पंप उघडायला सुसज्ज कार्यशाळा लागते. त्यामुळे पंप आणि नोझल यांना हात शेवटी लागावा. ही साधी तपासणी मे महिन्यातच उरकली, तर पेरणीचा वाफसा दुरुस्तीत वाया जाण्याची वेळ बहुतेकदा येणार नाही.