कातारी, क्लब आणि चितार आळी

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा मेसेज आपल्या बॅचच्या ग्रुपवर पडला तेव्हा मी गॅरेजमध्ये होते. केसांत भुसा, तोंडापुढे प्लास्टिकची झडप आणि समोर लेथवर फिरणारा मेपलचा ठोकळा. 'आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू जरा वेगळं दे' अशी संपादक मंडळाची सूचना होती. म्हणून लाकूड कातण्याच्या छंदाचा थोडा इतिहास लिहिते आहे. त्यात आठवणी शिरल्याच, तर त्याला माझा इलाज नाही.

गेली सहा वर्षं मी मिनेसोटात आमच्या गावच्या वुडटर्निंग क्लबची सभासद आहे. दिवसभर स्क्रीनपुढे बसून जे काम करते ते संध्याकाळी हातात घेता येत नाही. लाकडाची वाटी घेता येते. सुरुवात एवढ्याच कारणाने झाली.

लाकूड कातणाऱ्याला आपल्या भाषेत कातारी म्हणतात. सूतही कातायचं आणि लाकूडही कातायचं, दोन्हीकडे क्रियापद एकच. एखाद्याचा चेहरा 'कातीव' आहे असं आपण म्हणतो तेव्हा नकळत लेथचीच उपमा देत असतो. सुतार लाकूड स्थिर ठेवून हत्यार चालवतो. कातारी लाकूड फिरवतो आणि हत्यार टेकवून धरतो. पोळपाट, लाटणं, भोवरा, पाळण्याचे गज, खाटेचे पाय हे सगळं त्याच्या हातचं. आपल्या गावात हे कोणाला समजावून सांगायला नको, पण आपल्यातले निम्मे आता गावाबाहेर आहेत आणि त्यांच्या मुलांनी भोवरा यूट्यूबवर पाहिला आहे.

क्लब म्हणजे काय, ते आधी सांगते. महिन्यातून एका संध्याकाळी पन्नासेक माणसं एका वर्कशॉपमध्ये जमतात. बहुतेक निवृत्त. कोणी दंतवैद्य होता, कोणी ट्रक चालवायचा. पुढे लेथ, त्याच्यावर कॅमेरा, बाजूला मोठा टीव्ही. एक जण दोन तास काहीतरी करून दाखवतो आणि बाकीचे मधेमधे प्रश्न विचारतात. मागच्या टेबलावर प्रत्येकाने त्या महिन्यात केलेली वस्तू मांडलेली असते. चहाच्या वेळी लाकडाची सोडत निघते. ते लाकूडही बहुधा फुकटचं. अ‍ॅश झाडं पोखरणारी एक हिरवी कीड २००९ मध्ये सेंट पॉलमध्ये सापडली आणि तेव्हापासून रस्त्याकडेची शेकडो झाडं तोडावी लागली. त्यातले ओंडके क्लबात येतात. ओलं लाकूड आधी जाडसर कातून ठेवायचं. वाटीचा व्यास दहा इंच असेल तर भिंत इंचभर ठेवायची. मग सहा-आठ महिने वाळू द्यायचं. ते वाकडं होतं. व्हायचं तेवढं झाल्यावर पुन्हा लेथवर चढवून पातळ करायचं. घाई केली तर तडा जातो. सॉफ्टवेअरमध्ये अशी सक्तीची विश्रांती असती तर आमच्या कितीतरी रिलीज वाचल्या असत्या.

आता इतिहास. मला वाटायचं की हे क्लब जुन्या कारागिरांच्या संघांतून वाढत आले असतील. वाचायला लागल्यावर प्रकरण उलटंच निघालं.

इंग्लंडमध्ये कातारींचा संघ फार जुना. १३१० मध्ये लंडनच्या महापौरांनी काही कातारींना बोलावून मापं खोटी बनवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली, कारण दारूची आणि धान्याची मापं तेव्हा लाकडाची असत. १६०४ मध्ये राजा पहिल्या जेम्सने त्यांच्या संघाला सनद दिली. संघ म्हणजे हक्क, आणि हक्क म्हणजे कुंपण. धंदा कोणी करायचा ते संघ ठरवणार. शिकायचं तर उस्तादाकडे सात वर्षं उमेदवारी. बाहेरच्याला दाखवायचं नाही. आपल्याकडे हे कुंपण जातीने घातलं, तिकडे संघाने. (गंमत म्हणजे हाच संघ आज कोणालाही भाग घेता येईल अशा कातकामाच्या स्पर्धा भरवतो.)

कुंपणाबाहेरून आत डोकावले ते राजेरजवाडे. रशियाचा झार पीटर द ग्रेट याच्या राजवाड्यात लेथची स्वतंत्र कार्यशाळा होती. आंद्रेई नार्तोव्ह नावाचा यंत्रज्ञ तिथे त्याच्या हाताखाली होता. त्यांचे लेथ आजही सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहेत. या कलेवरचं पहिलं मोठं पुस्तक १७०१ मध्ये फ्रान्समध्ये छापलं गेलं. ते लिहिणारा शार्ल प्लुमिए हा धर्मगुरू आणि वनस्पतितज्ज्ञ होता. आपल्या शाळेच्या फाटकाजवळ जो पांढरा चाफा होता, त्याचं शास्त्रीय नाव 'प्लुमेरिया' याच माणसावरून पडलं. त्या झाडाखाली पाच वर्षं डबा खाल्ला आणि हे कळायला मिनेसोटा गाठावं लागलं. पुढे लंडनच्या होल्टझाप्फेल कंपनीने नक्षीदार कातकामाचे किमती लेथ बनवून हौशी श्रीमंतांना विकले. थोडक्यात, शंभर-दीडशे वर्षं लेथला हात लावणाऱ्या माणसांचे दोन प्रकार होते. पोटासाठी कातणारे, आणि पोटाची काळजी नाही म्हणून कातणारे.

पहिला प्रकार हळूहळू संपला. आधी चिनीमातीची आणि पत्र्याची भांडी आली, मग कारखान्यातले लेथ आणि शेवटी प्लास्टिक. इंग्लंडच्या हाय विकम परिसरात बीचच्या जंगलातच बसून खुर्च्यांचे पाय कातणारे 'बॉजर' असत. एक लवचीक खांब वर, पायाखाली फळी, मधे दोरी. पाय दाबला की लाकूड पुढे फिरणार, सोडला की उलटं. बकलबरीच्या माळावर जॉर्ज लेली हा याच पद्धतीने एल्मच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणाऱ्या वाट्या काढायचा. १९५८ मध्ये तो वारला आणि त्याच्यामागे त्याचा धंदा चालवणारा कोणी नव्हता. त्याचा लेथ रेडिंगच्या संग्रहालयात आहे. मी तो फोटोतच पाहिला आहे. पायाखालची फळी झिजलेली दिसते.

धंदा मेल्यावर छंद जन्माला आला, आणि तो आणला शाळांनी. अमेरिकेत शाळेतल्या मुलांना 'शॉप'चा तास असे आणि त्यात लेथ असे. मुलींना त्याच वेळी स्वयंपाक आणि शिवण. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यानंतर ही वाटणी बेकायदा ठरली. आमच्या क्लबातले बहुतेक म्हातारे पहिल्यांदा लेथवर उभे राहिले ते शाळेत. पेनसिल्व्हेनियात जॉर्ज स्कूल नावाच्या शाळेत पामर शार्पलेस हे लाकूडकामाचे शिक्षक होते. अल्बर्ट आणि अ‍ॅलन लेकॉफ या भावांबरोबर त्यांनी १९७६ मध्ये त्या शाळेच्याच वर्कशॉपमध्ये कातकामाचं पहिलं संमेलन भरवलं. तोवर जो तो आपापल्या तळघरात एकटाच कातत होता. इथे पहिल्यांदा एकमेकांचे हात पाहायला मिळाले. १९८५ मध्ये टेनेसीतल्या अ‍ॅरोमाँट कलाशाळेत मोठं संमेलन झालं, त्यातून १९८६ मध्ये 'अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स' ही संघटना उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये तशीच दुसरी. अमेरिकन संघटनेचं कार्यालय सेंट पॉलला आहे आणि तीनशेहून अधिक स्थानिक क्लब तिला जोडलेले आहेत. आमचा त्यातला एक. या सगळ्यांचा एक अलिखित नियम आहे, विचारलं तर सांगायचं. जुन्या संघाच्या बरोबर उलटा.

आता कार्यानुभवाच्या तासाबद्दल. आठवीपासून मुलांना सुतारकाम आणि आम्हाला भरतकाम होतं. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर तक्रार समजू नका. तुम्ही शिकवलेला काश्मिरी टाका मला आजही येतो. पण शेजारच्या खोलीतून रंध्याचा आवाज यायचा आणि माझं लक्ष तिकडे असायचं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपला गेले, तर तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी आम्हा चौघींना सांगितलं, 'ओढण्या आहेत, लेथपासून लांब उभ्या राहा.' आम्ही सेमिस्टरभर लांब उभ्या राहिलो. ओढणी काढून ठेवता येते, हे सरांनाही सुचलं नाही आणि आम्हालाही.

त्याहून जास्त टोचतं ते वेगळंच. आपल्या शाळेपासून चितार आळी चालत दहा मिनिटांवर. तिथे सकाळपासून लेथ चालायचे. आपल्या वर्गातल्या एकाच्या घरी हेच काम होतं. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. त्याच्या बोटांना लाखेचे रंग असायचे आणि आपण त्याला त्यावरून चिडवायचो. त्याच्या घरी मी एकदाही गेले नाही. कारखान्याच्या दारातून कितीदा तरी गेले. आत नाही.

मागच्या हिवाळ्यात क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा विषय होता झाकणाची डबी. मला वाटलं, सावंतवाडीची लाखेची डबी करावी. वाचून माहीत होतं की ब्रश वापरायचा नाही. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि पसरते. माझी लाख पसरलीच नाही. पापुद्रे उडाले. तीन डब्या फुकट गेल्यावर मी त्याला फोन केला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

तो आता गोव्यात हॉटेलात नोकरी करतो. वडील गेल्यावर कारखाना बंद झाला, त्यालाही बारा वर्षं झाली. मी अडचण सांगितली. मग जरा धीर करून म्हटलं, 'तेव्हा तू आम्हाला कधी कारखाना दाखवायला नेलं नाहीस.' तो शांतपणे म्हणाला, 'तू कधी इचारलंस गो?'

मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या रविवारी त्याचा व्हिडिओ आला. घरी जाऊन, वडिलांच्या लेथवरची ताडपत्री काढून, मोटर साफ करून त्याने एक भोवरा कातला होता. पहिला बिघडला, दुसरा जमला. मधेमधे तो बोलत होता. लाकूड थंड आहे, आधी कोरड्या कपड्याने घासून ऊब आण. वेग वाढव. कांडी दाबू नको, नुसती टेकव. मग केवड्याचं पान दुमडून धरलं की लाख एकसारखी होऊन चकाकते. 'बाबा असंच करीत,' एवढंच शेवटी म्हणाला. रीतसर तो कधीच शिकला नव्हता. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून पाहिलं होतं, तेवढंच.

केवडा मिनेसोटात कुठून आणणार? मक्याच्या कणसाचं वाळलेलं पान चाललं. डबी झाली. स्पर्धेत नवोदितांच्या गटात तिसरा क्रमांक मिळाला आणि गटात पाचच जण होतो, तेव्हा फार टाळ्या नकोत. परीक्षकाने झाकण उघडून ते किती घट्ट बसतं ते पाहिलं (सैल होतं), डबी उलटी करून बुडाला चकच्या खुणा शोधल्या (सापडल्या) आणि मग लाल-पिवळ्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवत म्हणाला, 'रंगवायला नको होतीस, प्लास्टिकसारखी दिसते.' त्याला सांगितलं की हा रंग ब्रशचा नाही. त्याचा विश्वास बसेना. पुढच्या महिन्यात करून दाखव, म्हणाला.

मी दाखवलं, पण आधी तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. मराठी, तेही मालवणी हेल असलेलं. भाषांतर मी करणार होते, त्याची गरज पडली नाही. केवड्याचं पान लागलं आणि पट्टा काचेसारखा झाला तेव्हा खोलीतून एकदम 'ओह' असा आवाज आला. नंतर ऐंशी वर्षांच्या एका सभासदाने विचारलं, याला विद्यार्थी किती? मी म्हटलं, एकही नाही. तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली. त्याच्या गावातल्या शाळेचं शॉप बंद होऊन तिथे कॉम्प्युटर लॅब झाली आहे. कॉम्प्युटरवाली मी, समोरच उभी होते.

आपल्या गावाच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवायलाच हवी. गंजिफा विस्मरणात जात होती तेव्हा शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती कला स्वतः शिकून घेतली. आजही राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कलाकार बसून काम करताना दिसतात. आपली सहल तिथे दोनदा गेली होती, आणि दोन्ही वेळा मी मोती तलावाकाठी आइस्क्रीमवर लक्ष ठेवून होते. छंद म्हणून का होईना, कोणीतरी शेजारी बसून शिकलं तर हात टिकतो. लाख लावण्याचं हेच कौशल्य चितार आळीत अजून काही घरांत आहे. ती माणसं विकण्यासाठी करतात, त्यांच्याकडून घ्या, आणि भावात घासाघीस करू नका. एका भोवऱ्यामागे काय असतं ते आता मला माहीत आहे.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आपला हा मित्र वडिलांचा लेथ चालू करणार आहे. मी विचारलं, तो हो म्हणाला. एका वेळी चार जणांनाच जागा आहे, नावं माझ्याकडे द्या. मुलांना आणलंत तरी चालेल. चपला नकोत, बूट घाला. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र काढून पिशवीत ठेवा. ओढणी आणि पदर घरी ठेवून या, पण लांब उभ्या राहू नका.