विश्लेषण : फिटनेस वॉचवर दिसणारा कॅलरीचा आकडा किती खरा?

सकाळी तासभर झपझप चालून झालं, घड्याळात पाहिलं, तर ३०० कॅलरी खर्च झाल्याचं दिसतं. मग ‘आज एक वडापाव चालेल’ असा हिशोब अनेक जण करतात. पण तो ३०० चा आकडा येतो कुठून? आणि त्याच्या भरवशावर खाण्याचं गणित मांडावं का?

घड्याळ नेमकं काय मोजतं?

मनगटावरचं घड्याळ थेट कॅलरी मोजत नाही. ते मुख्यतः दोन गोष्टी टिपतं. घड्याळाच्या मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालचं रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो. त्यावरून ठोके मोजले जातात. दुसरा सेन्सर असतो अ‍ॅक्सेलरोमीटर. तो हाताची हालचाल ओळखतो.

या दोन्हींत तुम्ही अ‍ॅपमध्ये भरलेलं वय, वजन, उंची आणि लिंग मिसळलं जातं. मग कंपनीने तयार केलेलं सूत्र एक अंदाज काढतं. हे सूत्र बहुतेक कंपन्या जाहीर करत नाहीत. त्यामुळे एकाच व्यक्तीने दोन कंपन्यांची घड्याळं घातली, तर एकाच व्यायामाचे दोन वेगळे आकडे दिसू शकतात.

मग कॅलरी अचूक कशा मोजतात?

शरीर ऊर्जा वापरतं तेव्हा ऑक्सिजन खर्च होतो. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ५ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. आपण रोजच्या बोलण्यात ‘कॅलरी’ म्हणतो ती खरं तर किलोकॅलरीच असते. प्रयोगशाळेत व्यायाम करणाऱ्याच्या तोंडावर मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि त्यावरून खर्च काढतात. घड्याळं तपासताना त्यांचे आकडे सहसा या मोजणीशी ताडून पाहिले जातात.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ युआन अ‍ॅश्ली यांच्या गटाने २०१७ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला. ६० जणांनी सात वेगवेगळी उपकरणं घालून ट्रेडमिलवर चालणं-धावणं आणि सायकलिंग केलं. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत मात्र एकही उपकरण पास झालं नाही. सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के होती, तर सर्वांत वाईटाची ९३ टक्के.

२७ टक्के चूक म्हणजे किती? प्रत्यक्षात ३०० कॅलरी खर्च झाल्या असतील, तर घड्याळ २२० दाखवू शकतं किंवा ३८०.

त्या अभ्यासातली उपकरणं आता जुनी झाली आहेत. पण २०२० मध्ये १५८ संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही कॅलरीच्या बाबतीत कोणताच ब्रँड अचूक ठरला नाही.

चूक का होते?

सेन्सर सुधारत असले, तरी मूळ अडचण गणितात आहे. ठोके आणि ऊर्जा यांचं नातं प्रत्येकाचं वेगळं असतं. नियमित धावणाऱ्याचे ठोके कमी पडतात, नवख्याचे जास्त. शिवाय ठोके केवळ श्रमाने वाढत नाहीत. विदर्भातल्या उन्हाळ्यात शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं आणि हृदय वेगाने धडधडतं. चहा-कॉफी, ताण, अपुरी झोप यांनीही ठोके वाढू शकतात. घड्याळाला ती जास्तीची मेहनत वाटू शकते.

हालचालीचंही तसंच. सायकल चालवताना मनगट जवळजवळ स्थिर असतं. ट्रेडमिलचा दांडा धरून चाललं तरी हात हलत नाही. वजन उचलताना मूठ घट्ट आवळली जाते, त्यामुळे मनगटावर ठोके टिपणंही अवघड जातं.

भारतीयांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. स्टॅनफर्डच्या अभ्यासात सावळी त्वचा आणि जास्त बीएमआय असलेल्यांमध्ये उपकरणांची चूक जास्त आढळली होती.

‘एकूण’ आणि ‘सक्रिय’ कॅलरीत फरक काय?

इथे अनेकांची गफलत होते. नुसतं बसून राहिलं तरी शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी खर्च करतं. झपझप चालताना हा खर्च सुमारे चौपट होतो. म्हणजे ६० किलो वजनाची व्यक्ती तासभर चालली, तर एकूण खर्च सुमारे २४० कॅलरी. त्यातल्या ६० बसूनही खर्च झाल्याच असत्या. चालण्यामुळे झालेला जास्तीचा खर्च १८०. काही घड्याळं हे दोन्ही आकडे वेगळे दाखवतात, काही फक्त एकूण आकडा ठळक करतात.

आता समजा, याच व्यक्तीच्या घड्याळाने ३०० दाखवले आणि तिने रोज तेवढं जास्त खाल्लं, तर दिवसाला १२० कॅलरी शिल्लक राहतात. महिन्याला ३,६००. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे हा जवळपास अर्ध्या किलो चरबीचा हिशोब झाला. ‘रोज चालूनही वजन का उतरत नाही’ या प्रश्नाचं एक उत्तर इथे असू शकतं.

मग घड्याळाचा उपयोग कसा करावा?

- कॅलरीचा आकडा पाहून खाणं वाढवू नका. जास्तीचं खायचंच असेल, तर दिसणाऱ्या आकड्याच्या निम्माच धरणं सुरक्षित.
- मित्राच्या घड्याळाशी तुलना करू नका. एकाच घड्याळावर स्वतःचा हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहा.
- ठोके, पावलं आणि व्यायामाची मिनिटं या आकड्यांवर तुलनेने जास्त विसंबता येतं.
- अ‍ॅपमधलं वजन अद्ययावत ठेवा. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घसरणार नाही इतपत घट्ट बांधा.
- ठोके अचूक हवे असतील, तर छातीवर बांधायचा पट्टा अधिक भरवशाचा असतो.
- काही आठवड्यांनी त्याच चालण्याला घड्याळ कमी कॅलरी दाखवू लागलं, तर निराश होऊ नका. तंदुरुस्ती वाढल्याने ठोके कमी पडत असतील, हे चांगलं लक्षण आहे.

मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी या आकड्यांवरून औषध, इन्सुलिन किंवा आहारात परस्पर बदल करू नयेत. त्यासाठी डॉक्टरांचा सल्लाच घ्यावा. वजन कमी करायचं असेल, तर खाणं नेमकं जुळतंय का, हे घड्याळापेक्षा दोन-तीन आठवड्यांत वजनकाटा आणि कमरेचा घेर जास्त खात्रीने सांगतात.