अकोल्याची खिडकी, मुंबईची यंत्रं

मे 1980. तुम्ही अकोला स्टेशनच्या आरक्षण खिडकीपाशी रांगेत उभे आहात. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लागला तर चटका बसतो. आत बाबू हावडा–मुंबई मेलचं रजिस्टर उघडतात, तुमच्या तारखेच्या पानावरून बोट फिरवतात. "कोटा भरला, भाऊ."

"बडनेऱ्याचा असंन ना जी शिल्लक?"

असेलही. पण ते रजिस्टर बडनेऱ्याला, हे अकोल्याला. मुंबईहून परतीचं हवं असेल तर तार करायची आणि उत्तराची वाट पाहायची. दोन खिडक्यांनी एकच बर्थ विकू नये म्हणून गाडीच गावागावांत वाटून टाकली आहे. मग एका गावचा बर्थ रिकामा जातो आणि दुसऱ्या गावचा माणूस दाराशी वळकटीवर बसून मुंबई गाठतो.

आता वीस वर्षं पुढे या. खिडकी तीच, पण आत पडदा उजळलाय. बाबूंनी बटण दाबलं की तुमची मागणी टेलिफोनच्या लाइनवरून मुंबईच्या आरक्षण केंद्रात पोचते. तिच्यामागे तुम्हीही जा. थंडगार खोलीत 'डिजिटल' या संगणक कंपनीच्या घराण्यातली यंत्रं उभी आहेत. एकटं कुणीच नाही. सगळी एकाच माहितीसाठ्यावर काम करतात, ओझं वाटून घेतात. याला क्लस्टर म्हणतात. डिजिटलने ते 1983 मध्ये बाजारात आणलं. आयबीएमच्या मेनफ्रेम या मोठ्या संगणकांसाठी अशीच रचना, 'पॅरलल सिसप्लेक्स', आली ती 1994 मध्ये.

तुमच्या मागणीने गाडीच्या नोंदीला कुलूप घातलं. त्याच क्षणी बडनेऱ्याहून दुसऱ्या यंत्राकडे आलेली मागणी थांबली. तुमचं काम झालं की तिचा नंबर.

आणि इथेच एक यंत्र बंद पडतं. बाकीच्यांना ते काही सेकंदांत कळतं. त्याची कुलपं सुटतात, अर्धवट राहिलेली विक्री रद्द होते, काम इतरांकडे जातं. अकोल्यात बाबूंना फक्त पडदा जरासा अडखळल्यासारखा वाटतो.

खरा पेच वेगळा आहे. यंत्रं शाबूत, पण त्यांच्यातला दुवा तुटला तर? दोन्ही गटांना वाटेल, पलीकडचे मेले. दोघंही विकत बसले तर एका बर्थवर दोन माणसं. म्हणून यंत्रं आपापली मतं मोजतात. ज्या गटाची गणपूर्ती होत नाही, तो स्वतःहून काम थांबवतो. खोटं तिकीट देण्यापेक्षा गप्प राहणं बरं, हे या रचनेने आपल्या पायातच घालून ठेवलंय. मला तिचं खरं मोठेपण यात वाटतं.

रजिस्टरापासून इथवरचा प्रवास मात्र टप्प्याटप्प्याने झाला. दिल्लीत 1985-86 मध्ये संगणकावर आरक्षण सुरू झालं. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद अशी केंद्रं झाली, पण प्रत्येकाचं जग वेगळं. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारा फाटा दक्षिण-मध्य रेल्वेचा, तिचं केंद्र सिकंदराबाद. म्हणजे एकाच स्टेशनातून दोन जगांकडे रूळ जात होते. रेल्वेच्या 'क्रिस' संस्थेने 'कॉन्सर्ट' ही प्रणाली 1994 मध्ये सिकंदराबादला बसवली आणि एप्रिल 1999 पर्यंत पाचही केंद्रं एकमेकांना जोडली.

कोटे आजही आहेत. पण त्या एप्रिलपासून देशातल्या कुठल्याही स्टेशनपासून कुठल्याही स्टेशनपर्यंतचं आरक्षण, जाण्याचं आणि परतीचंही, अकोल्यासारख्या एकाच खिडकीवर मिळू लागलं.