अक्कलदाढ, आंधळा चिमटा आणि कलकत्त्याचे सोडा फाउंटन

अक्कलदाढ साधारणतः सतराव्या ते पंचविसाव्या वर्षांच्या दरम्यान उगवते. जबड्यात जागा नसली की ती आडवी होऊन हाडातच रुतते. अशी दाढ नुसत्या चिमट्याने निघत नाही. हिरडी उघडून, हाड कोरून, पुष्कळदा तिचेच तुकडे करून ती काढावी लागते. प्रतिजैविके नसलेल्या काळात खालच्या दाढेचा पू मानेत उतरला, की श्वासमार्ग दबून धडधाकट तरुण दगावत असे. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये वर्णिलेला हा विकार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

दाढ सुखरूप निघावी यासाठी दोन गोष्टींची गरज होती : जबडा बधिर करणे आणि हाडाच्या आत पाहणे. पहिली १८८४ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड यांनी साधली. खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून त्यांनी अर्धा जबडा बधिर केला. हे प्रयोग त्यांनी स्वतःवरही केले आणि कोकेनचे व्यसन पदरी पडले. दुसरी गोष्ट भौतिकशास्त्राने दिली. राँटगेन यांच्या शोधानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दाढांचे क्ष-किरण चित्र घेतले; त्यासाठी ते २५ मिनिटे निश्चल राहिले. न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी ही विद्या दंतवैद्यकात रुजवली आणि किरणांच्या माऱ्याने आधी बोटे, मग हात गमावला. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. शोधाची किंमत प्रथम शोधकालाच मोजावी लागते, याची याहून विदारक उदाहरणे थोडी.

क्ष-किरण भारतात उशिरा आले नाहीत. शतक संपण्यापूर्वीच जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात त्यांचे यंत्र उभे केले होते. उणीव होती ती शिकलेल्या हातांची. ती भरून काढण्यास रफीउद्दीन अहमद पुढे आले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी त्यांनी १९१५ मध्ये मिळवली, बॉस्टनमध्ये काम केले आणि १९१९ मध्ये ते मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी कलकत्ता डेंटल कॉलेज काढले. सरकारी अनुदानाची वाट न पाहता ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे शीतपेयांचे दुकान थाटून त्यांनी खर्चाची सोय केली. गोड पेये विकून दातांची शाळा चालवण्यातला विनोद त्यांच्याही ध्यानात आला असेलच!

या शाळेत शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना उघडला. १९२५ मध्ये अहमद यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिकही सुरू केले. मात्र दंतवैद्य कोणाला म्हणावे, हे देशभरासाठी ठरवणारा कायदा येण्यास १९४८ साल उजाडले. म्हणजे त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांनी निम्मी कारकीर्द संपवली, तरी दाढ उपटण्याच्या धंद्याला देशभर लागू होणारा कायदा नव्हता. तो कायदा पाऊणशे वर्षे टिकला; २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा करून त्याची जागा घेण्याची तरतूद केली. अहमद यांचे महाविद्यालय आता त्यांच्याच नावाने कोलकात्यात उभे आहे.