शर्मिला सामंत : झाकणांची साडी

उधन्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना साडीबद्दल नव्याने सांगायला नको. लूमच्या खात्यात कापड निघते, पुढे घरोघरी त्यावर लेस आणि टिकल्या लागतात. म्हणूनच मुंबईच्या कलाकार शर्मिला सामंत (जन्म १९६७) यांच्या एका साडीची नोंद आम्ही येथे घेत आहोत.

‘हँडमेड सारी’ ही कलाकृती १९९९ सालची. तिच्यात सूत नाही, पॉलिस्टरही नाही. कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे धातूच्या कड्यांनी एकमेकांत अडकवून ती केली आहे. त्या काळात सामंत ॲम्स्टरडॅमच्या राइक्सअकादमीत काम करीत होत्या. १९७७ मध्ये भारतातून गेलेली ही कंपनी १९९३ मध्ये परत आली होती, आणि परदेशी माल बाजारात भरू लागला होता. बाटली उघडल्यावर झाकण कचऱ्यात जाते. येथे त्याच कचऱ्याला आपल्या सर्वांत ओळखीच्या वस्त्राचा आकार आला.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते तिचे नाव. झाकण यंत्रावर निघते, पण ती एकेक करून जोडायला हातच लागतो. नगावर टिकल्या लावणाऱ्या आपल्या बायकांना हे लगेच कळेल. त्यांचे नाव मात्र साडीवर कुठेच नसते.

मुंबईत तुषार जोग, अर्चना हांडे, शिल्पा गुप्ता यांच्याबरोबर सामंत यांनी ‘ओपन सर्कल’ हा गट उभारला. लंडनच्या टेट मॉडर्नमधील ‘सेंच्युरी सिटी’ (२००१) प्रदर्शनाच्या मुंबई विभागातही त्या होत्या.