औषधांचे मिश्रण : बडोद्याच्या निमित्ताने

बडोद्याच्या इतिहासाचा विषय निघाला की ग्रंथालये, कलाभवन, गायनशाळा आणि राजवाडे यांची आठवण प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. परंतु या शहराचे नाव देशातील घराघरांत पोहोचले ते आणखी एका वाटेने, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीने. त्या वाटेचा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत तो एका विशिष्ट प्रश्नासाठी. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथील जुनी घरे सोडून आपली अनेक कुटुंबे स्टेशनच्या पश्चिमेस, अलकापुरीत आणि त्यापलीकडे राहावयास गेली. तेथील कोणत्याही घरात सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा औषधांचा डबा उघडून पाहावा. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, थायरॉइडची गोळी. शेजारी वैद्यांनी दिलेले अरिष्ट, इसबगोल, मुलाने अमेरिकेहून पाठविलेल्या हळदीच्या नाहीतर अश्वगंधाच्या कॅप्सूल. आणि क्वचित, आतल्या कपाटात, परमिटवर आणलेली बाटली. प्रत्येक वस्तू कोणा जाणकाराने किंवा कोणी प्रेमाने दिलेली असते. त्या सर्व एकत्र पाहिलेला माणूस मात्र बहुधा एकही नसतो. ही स्थिती कशी आली?

पूर्वी असा एक माणूस होता. त्याला कंपाउंडर म्हणत. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे तो मिक्श्चर स्वतः तयार करी, बाटलीवर मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी कातरून चिकटवी आणि ‘बाटली हलवून घ्या’ असे बजावी. हे बजावणे उगाच नव्हते. कुचल्याचे सत्त्व, म्हणजे स्ट्रिक्नीन, त्या काळी शक्तिवर्धक म्हणून अत्यल्प प्रमाणात देत. त्याच मिश्रणात पोटॅशियम ब्रोमाइड पडले तर स्ट्रिक्नीनचे स्फटिक बनून हळूहळू तळाशी बसत आणि शेवटच्या मात्रेबरोबर सारे विष एकदम पोटात जाई. औषधनिर्मितीच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण हमखास असे. (अगाथा ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधविभागात काम केले होते, १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतील खुनाची युक्ती हीच आहे.) कोणते द्रव्य कोणाबरोबर घालू नये याचे हे ‘विसंगती’चे शास्त्र होय. शरीराच्या आत पुढे काय घडते याचे ज्ञान कंपाउंडरला बेताचेच असे, आणि त्याचा गौरव वाजवीपेक्षा अधिक करण्याची आमची इच्छा नाही. परंतु त्याच्या डॉक्टरांच्या रोग्याच्या पोटात काय काय जाते, हे त्याला ठाऊक असे.

आता बडोद्याकडे येऊ. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन निघाले, त्याचे सूत्रधार प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला फासलेले डांबर रसायनांनी काढून दाखविणारे गज्जर ते हेच. डांबर फासणारे चापेकर बंधू आपल्याला अधिक जवळचे, ही गोष्ट वेगळी. गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई दाजीभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी उभी राहिली. अलेंबिक म्हणजे अर्क काढण्याचे जुने ऊर्ध्वपातन-यंत्र. नाव साजेसे होते, कारण कारखान्याचा आरंभीचा माल मद्यार्क आणि टिंक्चरे हाच होता. टिंक्चर म्हणजे वनस्पतीचा गुण मद्यार्कात उतरविलेला. मद्यार्क हे त्या काळच्या औषधाचे वाहनच होते. त्यावाचून दवाखान्याच्या फळीवरील निम्म्या बाटल्या रिकाम्या राहिल्या असत्या.

१९४३ मध्ये बडोद्यात साराभाई केमिकल्सची स्थापना झाली. पुढील दोन-तीन दशकांत कारखान्यातून बंद पाकिटात येणारी तयार गोळी सर्वत्र पसरली आणि कंपाउंडरचा खल अडगळीत गेला. यात तोटा झाला असे आम्ही म्हणणार नाही. मात्रा नेमकी झाली, भेसळ आटोक्यात आली, क्षयासारखा रोग बरा होऊ लागला. पण एक गोष्ट नकळत बदलली. द्रव्ये एकत्र येण्याचे थांबले नव्हते. ती आता बाटलीऐवजी रोग्याच्या पोटात एकत्र येऊ लागली, आणि तेथे पाहणारा कोणी नव्हता.

‘हे सारे पाश्चात्त्य औषधांचे दोष, आपल्या काढ्या-चाटणांना ही बाधा नाही’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. आयुर्वेद स्वतः असे म्हणत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराचा विचार आहे आणि विरोधाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. देश, काळ, मात्रा, संस्कार, क्रम आणि संयोग यांतील प्रत्येकामुळे चांगली वस्तूही अपायकारक होऊ शकते, असे ते विवेचन आहे. दूध आणि मासे, समभाग मध आणि तूप ही त्यांतील सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे. अनुपानाची कल्पनाही याच कुळातली: तेच औषध मधाबरोबर, आल्याच्या रसाबरोबर की कोमट पाण्याबरोबर घ्यावयाचे, याला महत्त्व होते.

सुंठ, मिरी आणि पिंपळी हे त्रिकटू इतक्या योगांत का आढळते, याचा शोध जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. मिरी-पिंपळीतील पायपरीन हे सत्त्व इतर औषधांचे रक्तातील प्रमाण वाढविते, असे त्यांना आढळले. याच तत्त्वावर अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने २००९ मध्ये क्षयावरील एक गोळी बाजारात आणली. तीत रिफँपिसीनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम आणि जोडीला १० मिलिग्रॅम पायपरीन. हे बळ हवे तेव्हा मिळते, तसे नको तेव्हाही मिळू शकते. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल आणि थिओफिलीन या औषधांचे प्रमाण पायपरीनने वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. स्वयंपाकातील मिऱ्याने भिण्याचे कारण नाही. परंतु हळदीच्या पुष्कळशा कॅप्सूलांत पायपरीन मुद्दाम घातलेले असते, ते वेष्टणावर वाचून पाहावे.

याहून आपल्या घराजवळचे उदाहरण परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील आहे. अपस्माराच्या दोन रोग्यांचे झटके फेनिटॉइनने आटोक्यात होते. ते एकाएकी पुन्हा सुरू झाले आणि तपासणीत रक्तातील औषधाचे प्रमाण घटलेले निघाले. चौकशीत कळले की दोघेही फेनिटॉइनसोबत शंखपुष्पीचे आयुर्वेदिक औषध घेत होते. तेथील औषधशास्त्राच्या अभ्यासकांनी, त्यांत डॉ. नीलिमा क्षीरसागर होत्या, मग उंदरांवर पद्धतशीर प्रयोग केले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंखपुष्पीच्या अनेक मात्रा दिल्या तेव्हा फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाणही घटले आणि त्याचा गुणही. विशेष हे की एकटी शंखपुष्पी दिली तर तिच्यातही झटके रोखण्याची काही शक्ती दिसली. म्हणजे दोन्ही औषधे आपापल्या जागी खरी होती. बिघाड जोडीत होता. परीक्षेच्या दिवसांत मुलांना शंखपुष्पीचे सरबत देणाऱ्या किती घरांना ही गोष्ट ठाऊक असेल? याच संस्थेतून १९९४ मध्ये गुग्गुळाच्या सत्त्वाविषयीही निष्कर्ष आले: त्यामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयरोगावरील औषधांचे शोषण कमी होते. या संशोधनाची वार्ता मराठी घरांत जितकी पोहोचावयास हवी होती तितकी पोहोचली नाही, असे आम्हांस वाटते.

आता कपाटातील बाटली. कालिदासाच्या अलकेत यक्ष मद्य प्राशन करतात. आपली अलकापुरी त्या बाबतीत कमनशिबी. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि १९६० नंतर गुजरातने तो पुढे चालविला. या कायद्याला फ्रॅम नसरवानजी बलसारा यांनी न्यायालयात आव्हान दिले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा गाभा कायम ठेवला. मात्र मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांच्या रास्त वापरावरील बंदी अवैध ठरविली. टिंक्चर वाचले, अरिष्टही वाचले. दारू मात्र चोरून घेण्याची आणि न सांगण्याची वस्तू झाली. चाळिशीनंतर वैद्यकीय कारणास्तव परमिट मिळते आणि वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढते. गंमत अशी की वयाबरोबर गोळ्याही वाढतात आणि शरीरातील पाण्याचा अंश घटत असल्याने तेवढ्याच दारूचा अंमल अधिक होतो.

दारूबंदी योग्य की अयोग्य हा वाद येथे नको. आमचा मुद्दा मौनाचा आहे. डॉक्टरांनी विचारले, ‘काका, काही घेता का?’ आणि सूनबाई शेजारी बसल्या आहेत, तर उत्तर ठरलेले. झोपेची गोळी आणि दारू यांचे गुंगी आणण्याचे काम एकच. दोन्ही मिळाल्यास श्वास मंदावू शकतो. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन रिकाम्या पोटी प्यायल्यास साखर धोकादायक रीतीने उतरते, आणि त्या वेळची बडबड व लटपट घरच्यांना नशाच वाटते. नित्य पिणाऱ्याच्या यकृताला पॅरासिटामॉलचा भार जड जातो. अरिष्टाचा हिशेबही मांडून पाहावा. त्यात आंबण्याने आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो, बहुधा पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ३० मिलिलिटरमध्ये फार तर ३ मिलिलिटर. व्हिस्कीच्या तेवढ्याच पेगात तो सुमारे १३ असतो. हे प्रमाण सामान्य माणसाला नगण्य आहे. दारू सोडविण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याला ते नगण्य नाही.

डायसल्फिरामचा इतिहासही मिश्रणाचाच. कोपनहेगनचे येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन हे कृमींवर औषध शोधत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले आणि मद्यपानानंतर प्रकृती विलक्षण बिघडल्याचे अनुभवले. १९४८ मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. ग्रेपफ्रूटची गोष्ट याच्या उलट. कॅनडात डेव्हिड बेली रक्तदाबाच्या फेलोडिपीन या औषधाबरोबर मद्याचा परिणाम तपासत होते, आणि मद्याची चव लपावी म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. १९८९ मध्ये लक्षात आले की औषधाचे प्रमाण वाढविले ते त्या रसाने. आपले पपनस याच फळाच्या कुळातले; मूत्रपिंडारोपणानंतर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी ते टाळणे बरे.

तपासावयाचे कसे, याचे उत्तर साधे आहे. सहा महिन्यांतून एकदा घरातील सर्व औषधे, चूर्णे, टॉनिके एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे किंवा शिकलेल्या औषधविक्रेत्यापुढे ओतावीत, आणि दारूचे प्रमाण खरे सांगावे. सुनेसमोर नको असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. पुष्कळदा काहीच बंद करावे लागत नाही, वेळ बदलली की पुरते. थायरॉइडच्या गोळीनंतर कॅल्शियम चार तासांनी घ्यावे; आपल्या उत्तर गुजरातचा प्रसिद्ध इसबगोलही तिच्यापासून दूरच ठेवावा. लघवीचे औषध आणि डिगॉक्सिन चालू असता ज्येष्ठमध रोज चघळू नये, त्याने रक्तातील पोटॅशियम उतरते. मात्र हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळी थांबवू नये.

सरकारी दप्तरांतही दोन दारे आहेत. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद २००८ मध्ये जामनगरच्या केंद्राकडे सोपविली गेली, पुढे ती दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे गेली. आधुनिक औषधांसाठी २०१० मध्ये सुरू झालेला कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतो. परळच्या त्या दोन रोग्यांसारखे कोणी आज आढळले तर त्यांची नोंद कोणत्या वहीत व्हावी, हा प्रश्नच आहे. गाझियाबादच्या नमुन्यात, सोबत घेतलेल्या इतर औषधांसाठी एक रकाना आहे. मनाने घेतलेली आणि वनस्पतिज औषधेही त्यातच लिहावयाची असतात.