दारे उघडी, मने मोकळी : फहिदीतल्या एका संस्थेची वाटचाल

दुबईत जगभरच्या देशांतून आलेले लोक राहतात. मूळ अमिराती नागरिक मात्र दहात एखादाच. शेजारी, सहकारी, दुकानदार, टॅक्सीचालक असे सगळेच बाहेरून आलेले. त्यामुळे वर्षानुवर्षे तिथे नोकरी करूनही यजमानाच्या घराचा उंबरा न ओलांडलेली माणसे पुष्कळ असतात. ही दरी बुजवण्यासाठी १९९८ साली दुबईचे तेव्हाचे युवराज शेख मोहम्मद बिन राशिद अल मक्तूम यांनी एक ना-नफा संस्था स्थापन केली. तिचे नाव शेख मोहम्मद बिन राशिद अल मक्तूम सेंटर फॉर कल्चरल अंडरस्टँडिंग. ‘दारे उघडी, मने मोकळी’ हे तिचे ब्रीद. पाव शतकाहून अधिक काळ ती या ब्रीदाला जागली आहे. तिचे सर्वांत बोलके काम म्हणजे जुन्या दुबईच्या वस्तीतून आणि बाजारांतून घडवलेली पायी फेरी.

संस्थेची वाटचाल समजून घ्यायची, तर आधी तिचे घर पाहायला हवे. दुबई वसली ती खाडीच्या दोन काठांवर. पश्चिमेला बर दुबई, पूर्वेला देरा. १८३३ साली बनी यास टोळीतले अल मक्तूम घराणे आपल्या माणसांसह अबू धाबीहून इथे आले, तेव्हा हे मोती आणि मासळीवर जगणारे छोटे बंदर होते. १७८७ साली बांधलेला फहिदी किल्ला ही इथली सर्वांत जुनी शिल्लक वास्तू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेख मक्तूम बिन हशर यांनी परदेशी व्यापाऱ्यांना करात सूट दिली. त्याच सुमारास पलीकडच्या इराणी किनाऱ्यावरच्या लिंगे बंदरात जकातीचा जाच वाढला. तिथले व्यापारी बिऱ्हाड हलवून दुबईला आले आणि किल्ल्याशेजारी घरे बांधून राहिले. त्यांतले अनेक जण बस्तक गावाकडचे, म्हणून वस्तीला बस्तकिया हे नाव पडले.

समुद्रातून काढलेला प्रवाळी दगड, चुना, जिप्सम आणि पूर्व आफ्रिकेहून गलबतांतून आलेले चंदल लाकडाचे वासे यांतून ती घरे उभी राहिली. मध्ये चौक, बाहेरच्या भिंतीला मोजक्याच खिडक्या आणि छपरावर बर्जील, म्हणजे वाऱ्याचा मनोरा. चारही बाजूंनी उघडा असलेला हा मनोरा आतून तिरप्या भिंतींनी विभागलेला असतो. वारा कोणत्याही दिशेने आला तरी एका बाजूने खालच्या खोलीत उतरतो आणि तापलेली हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. वीज नसतानाच्या काळात आखाती उन्हाळा सुसह्य करणारी ही व्यवस्था होती.

१९६६ साली तेल सापडले आणि शहर झपाट्याने बदलले. श्रीमंत कुटुंबे वातानुकूलित बंगल्यांत राहायला गेली. जुनी घरे गोदामे झाली, नाहीतर कामगारांच्या दाटीच्या खोल्या. १९८०च्या दशकात शासनाच्या नव्या कार्यालयांसाठी वस्तीचा मोठा भाग पाडला गेला आणि उरलेलाही पाडायचे ठरले. तिथल्याच एका घराची डागडुजी करणारे ब्रिटिश वास्तुविशारद रेनर ऑटर यांनी ती वाचवण्यासाठी धडपड सुरू केली. १९८९ साली प्रिन्स चार्ल्स दुबईच्या भेटीवर आले, तेव्हा त्यांनी ही वस्ती आवर्जून पाहिली आणि ती जपावी असा आग्रह धरला. पाडकाम थांबले. पुढे दुबई नगरपालिकेने घरांचा पद्धतशीर जीर्णोद्धार हाती घेतला. याच वस्तीतल्या एका वाऱ्याच्या मनोऱ्याच्या घरात या केंद्राने आपले बस्तान बसवले. भिंती वाचल्या होत्या. त्या भिंतींमागचे जगणे सांगणाऱ्या माणसांची उणीव केंद्राने भरून काढली.

केंद्राची पद्धत साधी आणि धाडसी आहे. वाटाड्या अमिराती असतो, बहुतेकदा स्वयंसेवक. पुरुष पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यात, स्त्रिया अबायात. पाहुण्यांना तो आरंभीच सांगतो की इथे कोणताही प्रश्न अपमानाचा मानला जात नाही. मग प्रश्न येतात. काळा अबाया उन्हात का घालता? लग्ने कोण जमवते? एकापेक्षा जास्त बायका अजूनही असतात का? रमझानमध्ये कार्यालयांचे काम कसे चालते? उत्तर देणारा आपल्या आजीचे, बहिणीचे, स्वतःच्या लग्नाचे दाखले देत बोलतो. पुस्तकातून किंवा फलकावरून हे मिळत नाही.

फेरी अरुंद गल्ल्यांतून निघते. त्या मुद्दाम अरुंद ठेवलेल्या आहेत, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींची सावली एकमेकींवर पडते आणि खाडीवरचा वारा आतपर्यंत येतो. साधारण १८००च्या सुमारास बांधलेल्या शहरकोटाचा एक तुकडा इथे अजून दिसतो. दिवाण मशिदीत पादत्राणे काढून बसायचे आणि वजू व नमाजाची माहिती ऐकायची. पुढे बर दुबईचा जुना बाजार लागतो. लाकडी छपराखालची कापडाची दुकाने, त्यांत सिंधी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाद्या. शेजारच्या चिंचोळ्या गल्लीत हार-फुले आणि पूजेचे साहित्य विकणारी दुकाने थाटली, ती जवळच्या हिंदू देवळामुळे. १९५८ पासूनचे तिथले शिवमंदिर जानेवारी २०२४ मध्ये जेबेल अलीच्या नव्या जागेत हलले.

मग अब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. वर्षानुवर्षे तिचे भाडे एक दिरहम राहिले आहे. पलीकडे देरा. तिथल्या मसाल्यांच्या बाजारात केशर, वेलची, दालचिनी, गुलाबकळ्या, लोबान आणि वाळवलेले काळे लिंबू, म्हणजे लूमी, पोत्यांतून मांडलेले असते. त्यापुढे सोन्याचा बाजार.

या काठावर मराठी माणसाला आपल्या किनाऱ्याचा इतिहासही सापडतो. आखातातले मोती निवडायला, विंधायला आणि विकायला मुंबईला जात. अरब मोतीव्यापारी हंगाम संपला की मुंबईत मुक्काम ठोकत. १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांनी तो धंदा बुडवला. दुबईत १९०९ साली उघडलेले पहिले टपाल कार्यालय हिंदुस्थानच्या टपाल खात्याचे होते. व्यवहारात रुपयाच चाले. पुढे इथून गलबतांतून सोने निघू लागले. दुबईत तो उघड व्यापार होता, आपल्याकडे तस्करी. परकीय चलनाची ही गळती रोखण्यासाठी १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६६ च्या अवमूल्यनानंतर दुबईने रुपया सोडला आणि १९७३ मध्ये दिरहम आला. म्हणून या बाजारांतून फिरताना मुंबई-कोकणातला पाहुणा निव्वळ परका नसतो.

फेरीइतकीच केंद्राची पंगतही नावाजली गेली. चौकात गालिच्यावर बसून आधी गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर, मग बलालीत हा शेवयांवर अंड्याची पोळी घातलेला गोड पदार्थ, लुकैमात हे तळलेले गोड गोळे, दुपारी मच्छबूस हा मसालेभात. जेवता जेवता पुन्हा प्रश्नोत्तरे. जुमैरा मशीद मुस्लिमेतरांना आतून दाखवण्याचे कामही केंद्राने नेटाने चालवले. अरबी भाषेचे वर्ग घेतले. शाळकरी मुले, नव्याने नोकरीला आलेले कर्मचारी, पर्यटक असे सारेच इथे येऊन गेले. २०१२ मध्ये वस्तीचे नाव बदलून अल फहिदी ऐतिहासिक परिसर झाले आणि त्याच वर्षी दुबईची खाडी युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. २०१७ मध्ये खाडीकाठीच, वस्तीला लागून, अल सीफ हा जुन्या घाटणीचा नवा बाजार उभा राहिला. तो देखणा आहे, पण जुनेपणाचा आभास बांधता येतो, आठवणी बांधता येत नाहीत. केंद्राचे मोल यामुळे अधिकच वाढते.

यापुढे एक अपेक्षा मनापासून नोंदवावीशी वाटते. हा बाजार अमिराती माणसाइतकाच केरळचा, सिंधचा, इराणचा आणि अफगाणिस्तानचाही आहे. अब्रा हाकणारा, पोती उचलणारा, दुकानाच्या गादीवर पन्नास वर्षे काढलेला म्हातारा, यांच्या आठवणीही फेरीत याव्यात. यजमानाने आपले दार उघडून पहिले पाऊल टाकले, आता पाहुण्यांच्या पिढ्यांनाही बोलते करावे.

दुबईला जाणारे मराठी प्रवासी मॉल आणि बुर्ज खलिफा पाहून परततात. त्यांनी एक सकाळ फहिदीसाठी राखावी. आधी नाव नोंदवावे, चालण्याजोगी पादत्राणे घालावीत, अंगभर कपडे असावेत आणि मनात वर्षानुवर्षे दाबून ठेवलेला प्रश्न तिथे निःसंकोच विचारावा. तो ऐकून घेण्यासाठीच ही संस्था उभी राहिली आहे.